आकडा बदलला, कोड तसाच चालला

५ सप्टेंबर २०२४ रोजी क्लोजर या प्रोग्रामिंग भाषेची १.१२ ही आवृत्ती आली. पुण्यात बाणेरच्या एका कंपनीत शेतमालाच्या वाहतुकीचा हिशेब ठेवणारी प्रणाली याच भाषेत चालते. ती सांभाळणाऱ्या टीमच्या प्रमुख प्रोग्रामरने त्याच आठवड्यात प्रकल्प कोणत्या आवृत्त्या वापरतो ते लिहिलेल्या डेप्स फाइलमधला एक आकडा बदलला, टेस्ट लावून दिल्या आणि ती बाकीच्या कामाला लागली. दुपारपर्यंत सगळ्या टेस्ट हिरव्या झाल्या होत्या. कोडची एकही ओळ बदलावी लागली नव्हती, आणि त्या कोडचा काही भाग थेट २०१२ सालचा, १.४ आवृत्तीच्या वेळचा होता.

टीममध्ये नुकत्याच आलेल्या मुलाला याचं नवल वाटलं. आधीच्या नोकरीत भाषेची किंवा फ्रेमवर्कची आवृत्ती बदलायची म्हटलं की बाकीची कामं बाजूला पडायची, हे त्याने पाहिलं होतं. त्याच्या पिढीने पायथनची गोष्टही ऐकलेली असते. पायथन ३ डिसेंबर २००८ मध्ये आलं, आणि जुन्या पायथन २ चा अधिकृत आधार संपायला जानेवारी २०२० उजाडला. मधली अकरा वर्षं जगभरच्या टीम दोन्ही डगरींवर पाय ठेवून उभ्या होत्या.

प्रमुख प्रोग्रामरला मात्र त्या हिरव्या टेस्टमागे किती लोकांची किती वर्षांची शिस्त आहे हे ठाऊक होतं. गेलं दशकभर तिने या भाषेची प्रत्येक आवृत्ती प्रत्यक्ष कामावर चढवली आहे. नव्या आवृत्तीत काय आलं ते ती वाचतेच, पण त्याहून बारकाईने पाहते ते आधीचं काय जपलं.

क्लोजर हे लिस्पच्या घराण्यातलं. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये एमआयटीत लिस्पचं काम सुरू केलं आणि १९६० मध्ये त्यावरचा मूळ निबंध छापला. रिच हिकी यांनी क्लोजर लोकांसमोर आणलं ते २००७ मध्ये, जावाच्या व्हर्च्युअल मशीनवर चालणारी भाषा म्हणून. कंसांची लिस्पी रचना तशीच राहिली. (+ २ ३) असं लिहिलं की पहिली क्रिया, मग ज्यांच्यावर ती करायची ती मूल्यं. हा सगळा कोड म्हणजे भाषेच्याच याद्या असतात, त्यामुळे कोडला हाताळणारा कोड, म्हणजे मॅक्रो, लिहिणं सोपं जातं. एखादी नवी सोय हवी असेल तर ती मूळ भाषेत न घालता लायब्ररी म्हणून देता येते. एकाच वेळी अनेक कामं चालवण्यासाठीची कोअर-एसिंक २०१३ मध्ये आली ती अशीच, लायब्ररी म्हणून. भाषेचा गाभा लहान राहिला आणि आवृत्त्याही आटोपशीर राहिल्या.

जुनं जपण्याची ही शिस्त पहिल्या दिवसापासून होती असं नाही. २०११ मध्ये आलेल्या १.३ या आवृत्तीने बरंच काही हलवलं. त्याआधी पूर्णांक फार मोठा झाला की भाषा त्याचं आपोआप मोठ्या अंकप्रकारात रूपांतर करायची. १.३ पासून वेगासाठी तसं करणं थांबलं आणि मर्यादा ओलांडली की चूक फेकली जाऊ लागली. चालू असताना बदलता येणारे व्हेरिएबल ‘डायनॅमिक’ म्हणून जाहीर करणं सक्तीचं झालं. काँट्रिब नावाची एक भलीमोठी लायब्ररी होती, तिचे लहान लहान तुकडे झाले आणि त्यांना नवी नावं मिळाली. त्या वेळी प्रमुख प्रोग्रामर दुसऱ्या एका ठिकाणी नोकरीला होती. वापरात असलेल्या निम्म्या लायब्रऱ्या जुन्या काँट्रिबवर उभ्या, निम्म्या नव्यावर, आणि दोघींचा मेळ लागेपर्यंत टीम अडकून पडलेली, हे तिने जवळून पाहिलं.

नंतरच्या वर्षांत भाषेचे कर्ते याबाबतीत उघडपणे बोलू लागले. २०१६ च्या एका भाषणात हिकींनी हा विचार सविस्तर मांडला. लायब्ररी किंवा भाषा बदलते तेव्हा ती पूर्वीपेक्षा जास्त देऊ शकते किंवा पूर्वीपेक्षा कमी मागू शकते, आणि ही झाली वाढ. ती जास्त मागू लागली किंवा कमी देऊ लागली तर ती मोडतोड, मग आवृत्तीच्या आकड्यात काहीही लिहा. टीममध्ये कोड तपासताना आजही हाच निकष लावला जातो. एखाद्या फंक्शनने पूर्वी न मागितलेली गोष्ट मागायला सुरुवात केली की त्याला नवं नाव द्यायचं, जुनं तसंच ठेवायचं.

डिसेंबर २०१७ च्या १.९ मध्ये हा नियम थोडा ताणला गेला. स्पेक नावाची, डेटा कसा असावा हे सांगणारी यंत्रणा त्या वेळी आली आणि भाषेने आपल्याच मॅक्रोंची तपासणी तिच्या आधारे सुरू केली. फाइलच्या सुरुवातीला जी घोषणा असते, तिच्यात ‘रिक्वायर’ या शब्दाआधी अपूर्णविराम लागतो. तो न घालताही पूर्वी काम निभावून जायचं, आता कंपायलर तिथेच थांबू लागला. टीमच्या वापरातली एक जुनी लायब्ररी नेमकी तशी लिहिलेली निघाली. दुरुस्ती एका अक्षराची होती, पण लायब्ररी दुसऱ्याची, तिचा कर्ता केव्हाच दुसऱ्या कामाला लागलेला. शेवटी टीमने तिची प्रत आपल्याकडे घेतली आणि ती आजतागायत सांभाळते आहे. कागदावर चुकीचा असलेला कोडसुद्धा वर्षानुवर्षं चालत आला की कुणीतरी त्यावर विसंबलेलं असतं. हे प्रमुख प्रोग्रामरला त्या एका अपूर्णविरामाने दाखवून दिलं.

पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०१८ मध्ये, १.१० आली आणि तिने रोजच्या कामातला मोठा त्रास कमी केला. त्याआधी चूक झाली की पडद्यावर जावाच्या स्टॅक ट्रेसची लांबलचक रांग यायची. चूक नेमकी कोणत्या टप्प्यावर झाली, म्हणजे कोड वाचताना, मॅक्रो उलगडताना, कंपाइल होताना की चालताना, हे त्यातून अनुभवानेच ओळखावं लागायचं. १.१० ने हे टप्पे वेगळे केले आणि संदेशाच्या पहिल्याच ओळीत टप्प्याचं नाव, फाइल आणि ओळ द्यायला सुरुवात केली. रात्री बाजार समितीच्या लिलावाच्या नोंदी अडकल्या आणि फोन आला की टीममधला कुणीही आता त्या एका ओळीवरून कामाला लागू शकतो.

अर्थात सगळं सुटलं असं नाही. आकड्याला फंक्शनसारखं वापरलं तर संदेशात अजूनही जावाच्या वर्गांची नावं येतात, ‘लाँगचा आयएफएन होऊ शकत नाही’ अशा धर्तीवर. आयएफएन म्हणजे फंक्शन, हे ज्याला माहीत नाही त्याला त्यातून काही बोध होत नाही. नव्या माणसाला पहिले काही महिने कुणीतरी शेजारी बसून हे संदेश वाचायला शिकवावं लागतं.

मार्च २०२२ ची १.११ ही टीमला सगळ्यात जवळची वाटणारी आवृत्ती. कारण अगदी साधं आहे. डेपोवरचा कारकून फोनवरून गोण्यांची संख्या भरतो, आणि फोनचा कीबोर्ड मराठीत असेल तर तो अंकही देवनागरीत टाकतो. फॉर्ममधून येतो तो मजकूर, संख्या नव्हे. मजकुराची संख्या करण्यासाठी क्लोजरमध्ये १.११ पर्यंत स्वतःचं असं फंक्शनच नव्हतं. काही जण जावाचं फंक्शन बोलवायचे आणि भोवती चूक पकडण्याचं कुंपण घालायचे. काही जण मजकूर क्लोजरच्याच रीडरकडे द्यायचे, आणि घोडं तिथे पेंड खायचं. रीडर तो मजकूर कोडमधल्या संख्येसारखा वाचतो, आणि कोडमध्ये सुरुवातीला शून्य असलं की संख्या अष्टमान धरली जाते. कुणी इंग्रजी अंकांत शून्य-एक-शून्य लिहिलं तर दहाऐवजी आठ मिळायचे. शून्य-आठ लिहिलं तर थेट चूक, कारण अष्टमानात आठ हा अंकच नाही. देवनागरी १२ तर रीडर ‘अवैध संख्या’ म्हणून परत पाठवायचा.

१.११ ने पार्स-लाँग दिलं. मजकूर संख्येसारखा असेल तर संख्या मिळते, नसेल तर निल, म्हणजे काहीच नाही. चूक फेकली जात नाही, त्यामुळे ‘संख्या पुन्हा भरा’ असं कारकुनाला सांगणं एका ओळीचं काम होतं. टीमला खरा आनंद झाला तो दुसऱ्याच गोष्टीचा. रेपलमध्ये, म्हणजे ओळ लिहिली की लगेच उत्तर देणाऱ्या खिडकीत, पार्स-लाँगला देवनागरीत ‘१२’ दिलं आणि उत्तर आलं बारा. पार्स-लाँग आतून जावाचं पूर्णांक वाचणारं फंक्शन वापरतं, ते प्रत्येक अक्षर युनिकोडच्या तक्त्यात पाहतं, आणि त्या तक्त्यात देवनागरी अंक अंकच असतात. मराठीसाठी वेगळं काहीही न करता गोण्यांचा रकाना मराठीत चालू लागला.

वजनाचा रकाना मात्र अडला. क्विंटल अपूर्णांकात येतात, त्यासाठी पार्स-डबल वापरावं लागतं, आणि जावाचं अपूर्णांक वाचणारं फंक्शन फक्त इंग्रजी अंक ओळखतं. देवनागरी ‘१२.५’ दिलं की निल. एकाच फॉर्मवर वरचा रकाना मराठी अंक घेतो आणि खालचा घेत नाही, हे कारकुनाला समजावणार कसं? टीमने एक छोटं फंक्शन लिहिलं. मजकुरातलं प्रत्येक अक्षर युनिकोडच्या दृष्टीने अंक आहे का ते पाहायचं, असेल तर त्या जागी इंग्रजी अंक ठेवायचा, मग पार्स-डबलकडे द्यायचं. गुजराती आणि कन्नड अंकांचंही काम त्यातच झालं, आणि सीमाभागातल्या डेपोंना त्याचा उपयोग होतो.

याच आवृत्तीने जुनं जपणं म्हणजे काय, याचे दोन नमुने दाखवले.

पहिला नावांचा. क्लोजरच्या जवळपास प्रत्येक प्रकल्पात ‘युटिल्स’ नावाची फाइल असते आणि तिच्यात मॅपमधल्या सगळ्या मूल्यांवर एखादी क्रिया करणारं फंक्शन कुणीतरी लिहिलेलं असतं. १.११ ने ते अपडेट-व्हॅल्स या नावाने मूळ भाषेतच दिलं. टीमच्या युटिल्समध्ये नेमकं याच नावाचं फंक्शन होतं, आणि त्यात क्रिया आधी, मॅप नंतर असा क्रम होता. भाषेने दिलेल्यात मॅप आधी आहे. भाषेने आपलं फंक्शन मुकाट्याने पुढे केलं असतं तर शेकडो ठिकाणी गडबड झाली असती. प्रत्यक्षात कंपायलरने एक सूचना छापली. हे नाव आता गाभ्यातही आहे, या फाइलीत तुमचंच चालेल. काम चालू राहिलं आणि टीमने सवडीने फाइल साफ केली.

दुसरा नमुना एप्रिल २०२२ चा, १.११.१ चा. जावामध्ये एखादी वस्तू फाइलीत साठवली की तिच्यासोबत तिच्या वर्गाचा एक ओळख-क्रमांक जातो. तो ठरवून दिला नसेल तर जावा वर्गाच्या रचनेवरून काढते. १.११ मध्ये कीवर्ड आणि ॲरे-सीक या दोन वर्गांची अंतर्गत रचना थोडी बदलली, आणि त्याबरोबर क्रमांकही. १.१० च्या काळात साठवलेल्या वस्तू नव्या आवृत्तीला वाचता येईनात. कुणाच्याही कोडमध्ये चूक नव्हती, पण कुणाचा तरी साठवलेला डेटा मुका झाला होता. आवृत्ती आल्यापासून पंधरा दिवसांच्या आत दुरुस्तीची आवृत्ती आली आणि तिने ते दोन क्रमांक १.१०.३ मध्ये होते तिथेच पक्के केले. त्या दुरुस्तीच्या नोंदीत हे सगळं एकाच वाक्यात सांगितलेलं आहे. प्रमुख प्रोग्रामर ते वाक्य नव्या माणसाला आवर्जून वाचायला लावते.

आणि आता १.१२. हिच्यातले बरेचसे बदल क्लोजर आणि जावा यांच्या सांध्यावरचे आहेत.

मार्च २०१४ मध्ये जावा ८ आली आणि जावालाही फंक्शनसारख्या गोष्टी हातात घेता येऊ लागल्या. यादीतून नको त्या नोंदी काढायच्या तर रिमूव्ह-इफ म्हणायचं आणि ‘कोणत्या नोंदी’ हे सांगणारी अट द्यायची. ती अट जावाला प्रेडिकेट या इंटरफेसच्या रूपात हवी असते. क्लोजरची फंक्शनं रनेबल, कॉलेबल आणि कंपॅरेटर ही जुनी रूपं आधीपासून घेतात, पण जावा ८ ची नवी रूपं घेत नव्हती. मग रीइफाय लिहायचं, त्यात इंटरफेसचं पूर्ण नाव, त्यातल्या मेथडचं नाव ‘टेस्ट’, पहिला अर्ग्युमेंट स्वतः वस्तूच आणि तो वापरायचा नाही म्हणून अधोरेघ, दुसरा खरा. सम संख्या ओळखणारं ‘ईव्हन?’ हे एका शब्दाचं फंक्शन जावाच्या हाती द्यायला एवढा पसारा. ट्रकचं ठिकाण विचारणाऱ्या सेवेत जावाचा एचटीटीपी क्लायंट वापरलेला आहे, आणि उत्तर आल्यावर काय करायचं हे सांगणाऱ्या प्रत्येक जागी असा रीइफाय बसलेला होता.

१.१२ मध्ये फंक्शन तसंच द्यायचं. जावाची मेथड फंक्शनल इंटरफेस मागते आहे हे कंपायलर ओळखतो आणि मधला सांधा स्वतः तयार करतो.

“मॅडम, म्हणजे दहा वर्षं तुम्ही हे हाताने लिहीत होतात?” त्या मुलाने विचारलं.

“हो. आणि ते दहा वर्षांपूर्वीचं आजही चालतं,” ती म्हणाली.

दुसरा बदल जावाच्या मेथड मूल्य म्हणून वापरण्याचा. यादीतल्या प्रत्येक संख्येचं वर्गमूळ काढायचं तर मॅप या फंक्शनला थेट मॅथ वर्गातलं एसक्यूआरटी देता येत नसे. ‘या नावाचं स्टॅटिक फील्ड सापडत नाही’ असं उत्तर यायचं, कारण वर्ग, तिरकी रेघ आणि नाव असं कंसाशिवाय लिहिलं की त्याचा अर्थ फील्ड असाच होता. म्हणून भोवती एक निनावी फंक्शन गुंडाळावं लागे. आता ते थेट देता येतं. या बदलातही जुना अर्थ पहिला राहिला. त्या नावाचं फील्ड असेल तर फील्डच मिळतं, नसेल तरच मेथडचा विचार होतो. पूर्वी जिथे चूक येत होती, तेवढीच जागा नव्या सोयीने घेतली.

तिसरा बदल लहान, पण डोळ्यांना आराम देणारा. जावाच्या ॲरेचा प्रकार सांगायचा तर अवतरणचिन्हांत चौकोनी कंस, मोठा एल, वर्गाचं पूर्ण नाव आणि शेवटी अर्धविराम असं लिहावं लागे. ते कुणाच्याच लक्षात राहत नसे, सगळे जुन्या फाइलीतून उचलत. आता स्ट्रिंग, तिरकी रेघ आणि १ एवढं लिहिलं की एका मितीचा ॲरे.

रोजच्या कामात सगळ्यात जास्त वेळ वाचवते ती ॲड-लिब्सची सोय. क्लोजरचा प्रोग्रामर दिवसभर रेपल उघडी ठेवून काम करतो. त्यात डेटा भरलेला असतो, डेटाबेसची जोडणी असते, अर्धवट तपासलेल्या कल्पना असतात. एखादी नवी लायब्ररी वापरून पाहायची तर ती डेप्स फाइलमध्ये घालून सगळं बंद करून पुन्हा सुरू करावं लागे. आता चालू रेपलमध्येच ती जोडता येते. ही सोय मुद्दाम रेपलपुरती ठेवली आहे, ग्राहकांच्या सर्व्हरवर चालणाऱ्या प्रणालीत नाही.

या सगळ्याची किंमतही आहे, आणि ती टीमला मोजावी लागते. १.१० आणि १.११ मध्ये तीन वर्षांहून जास्त काळ गेला, १.११ आणि १.१२ मध्ये जवळपास अडीच वर्षं. हिकी, अॅलेक्स मिलर आणि त्यांच्यासोबतचे मोजके लोक गाभ्यात काय घ्यायचं ते ठरवतात, आणि पुरता विचार झाल्याशिवाय काही घेत नाहीत. २०२० मध्ये ब्राझीलच्या नूबँकने हिकींची कॉग्निटेक्ट ही कंपनी विकत घेतली, २०२३ मध्ये हिकी व्यावसायिक कामातून निवृत्त झाले, तरी भाषेची सूत्रं त्यांच्याकडेच राहिली आणि चालही तीच राहिली. जावा ८ शी नीट जुळवून घ्यायला दहा वर्षं लागणं प्रमुख प्रोग्रामरला खटकत आलं आहे. अशा संथ भाषेसाठी माणसं मिळवणंही सोपं नाही. पुण्यात जावा येणारे हवे तितके मिळतात, क्लोजर येणारे शोधावे लागतात किंवा घडवावे लागतात. तरीही दर वेळी हिशेब मांडला की तिचं पारडं याच बाजूला झुकतं. द्राक्षांच्या ऐन हंगामात, जानेवारी ते एप्रिल, तिच्या टीमला भाषेकडे बघायला सवड नसते, आणि भाषेनेही कधी तिच्या टीमला त्या दिवसांत स्वतःकडे बघायला भाग पाडलेलं नाही.

१.१२ मुख्य सर्व्हरवर गेल्यावर तिने टीमसाठी दोन गोष्टी ठरवल्या. नवीन कोड नव्या पद्धतीने लिहायचा. जुने रीइफाय फक्त बदलायचे म्हणून बदलायचे नाहीत, ती फाइल दुसऱ्या कामासाठी उघडली तरच हात लावायचा.

त्यानंतरचं काम तिने त्या मुलाकडे सोपवलं. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या जावा २१ मध्ये व्हर्च्युअल थ्रेड आहेत. नेटवर्कच्या उत्तराची वाट पाहणारा असा थ्रेड खालचा खरा थ्रेड मोकळा सोडतो, त्यामुळे हजारो ट्रकना एकाच वेळी ठिकाण विचारता येतं. पण वाट पाहणारा कोड जावाच्या सिंक्रोनाइज्ड ब्लॉकमध्ये असेल तर जावा २१ मध्ये खरा थ्रेडही अडकून बसतो. क्लोजरच्या लेझी सीक्वेन्समध्ये आणि डिलेमध्ये असे ब्लॉक होते. १.१२ ने ते काढून तिथे साधी कुलुपं बसवली, आणि बाहेरून वापरणाऱ्याला काहीच बदलावं लागलं नाही. मुलाने ट्रकांच्या सेवेची एक प्रत जावा २१ वर उभी केली, थ्रेड कुठे अडकतात याची नोंद चालू केली आणि दिवसभर खोटे ट्रक सोडले. क्लोजरच्या कोडमध्ये एकही अडकलेला सापडला नाही. जे सापडले ते सगळे डेटाबेसशी बोलणाऱ्या एका जुन्या जावा ड्रायव्हरमध्ये. त्या ड्रायव्हरची पुढची आवृत्ती बसवायची तर जोडणीच्या तीन सेटिंगची नावं बदलली आहेत आणि एक काढूनच टाकलं आहे. सध्या दोघं मिळून ते काढून टाकलेलं सेटिंग नक्की कशासाठी होतं, हे शोधत आहेत.